मध्य नसलेलं झाड

तळवडे, गुरुवार, ५ जून २०२५

विजयश्री,

या हातांनी आजवर केलेल्या वस्तू: शेडमधला पहिला बेंच आणि त्यावरचा शिकंजा. तुझ्या पाळण्याच्या कड्या, ज्या एकदाही करकरल्या नाहीत. तुझ्या आईचा शेवयांचा साचा, बत्तीस भोकांचा. थेरगावच्या घराच्या जिन्याचा कठडा. तू सातवीत असताना विज्ञान प्रदर्शनासाठी केलेला तराजू, जो परीक्षकांनी विकतचा समजून बाद केला. चाकणच्या कंपन्यांसाठी भोकं नेमक्या जागी पाडायचे ड्रिलिंगचे जिग, तीनशेच्या वर. त्यांतले दोन परत आले, आणि दोन्ही वेळा चूक त्यांच्या ड्रॉइंगमध्ये होती. आणि आता हे झाड.

यादी मोठेपणासाठी दिलेली नाही. पुढचं वाचताना हात कोणाचे आहेत ते ध्यानात राहावं, म्हणून दिली.

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहितो आहे. तुझी आई याचा फोटो काढून तुला पाठवील. त्यासाठी अक्षर मोठं काढलं आहे. गुरुवारी इकडे वीज बंद, मशिन बंद, त्यामुळे वेळ मिळतो.

तुझ्या गणिताच्या लेखाच्या तिसऱ्या पानावर एक चित्र आहे. मधल्या ठिपक्यातून चार फांद्या, प्रत्येकीच्या टोकाला आणखी तीन, त्या प्रत्येकीला पुन्हा तीन. लेखातलं मला कळलं ते इतकंच की दोन अक्षरं घ्यायची, ती सुलटी-उलटी वापरून शब्द बनवायचे, आणि जेवढे शब्द तेवढे सांधे. अशा शब्दांच्या जमावाला तुम्ही गट म्हणता, आणि झाड म्हणजे त्या गटाचा नकाशा. बाकी पानं डोक्यावरून गेली. पण चित्र हे शेवटी ड्रॉइंग असतं, आणि ड्रॉइंग मला वाचता येतं.

पितळेत केलं. चार फेऱ्या, एकशे एकसष्ट सांधे. मधल्या सांध्यात सहा मिलिमीटरचं भोक ठेवलं आहे. तो डेटम, म्हणजे सगळी मापं जिथून धरायची ती जागा. बाहेर जाताना प्रत्येक फेरीला फांदी निम्मी होते, चित्रात आहे तशीच. सगळ्यात बाहेरचा सांधासुद्धा मधल्या भोकापासून मोजला तर दोन शतांश मिलिमीटरच्या आत बसतो. फोटो सोबत आहे. उजेड खिडकीतून डावीकडून घेतला आहे, म्हणजे सावलीने माप चुकीचं वाटणार नाही.

नोव्हेंबरातल्या तुझ्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेचं बोलावणं आलं. व्हिसासाठी विद्यापीठाच्या कागदावर एकच नाव आहे, तुझ्या आईचं. मी काही विचारत नाही. कागद वाचला आहे, एवढं कळवतो.

पप्पा

तळवडे, गुरुवार, २६ जून २०२५

विजयश्री,

तुझं उत्तर आईच्या फोनवर आलं. तिने ओट्याशी उभं राहून वाचून दाखवलं. "पप्पांना सांग, काम सुंदर आहे. पण त्यांच्या झाडाला मध्य आहे, माझ्या झाडाला नाही. कुठल्याही सांध्यावर बसून पाहिलं तरी चहूकडे सारखंच दिसायला हवं. पप्पांच्या झाडात टोकावरच्याला कळतं की आपण टोकावर आहोत." एवढंच. त्याखाली तिला विचारलं होतंस की पुरणाची डाळ किती वेळ भिजवायची.

मला थेट डाळीइतकीही ओळ नाही. ठीक आहे.

आता माझं ऐक. डेटम नसलेलं काम मी अजून पाहिलेलं नाही. सगळी मापं एका जागेपासून घेतली तर चूक प्रत्येक भोकाला आपापली राहते. या भोकापासून ते भोक, त्या भोकापासून पुढचं, असं साखळीने मोजत गेलं की चुका साठत जातात आणि दहाव्या भोकात बोल्ट शिरत नाही. हे मला कोणी शिकवलेलं नाही. सत्त्याण्णव साली भोसरीत एक अख्खी प्लेट भंगारात गेली तेव्हा मी स्वतःला शिकवलं. आयटीआय अर्धवट सोडलेल्या माणसाला असंच शिकावं लागतं.

आपल्या लेथवरच्या रोहिदासला विचारलं. त्याचं मत मागत नव्हतो, मोठ्याने विचार करत होतो. तो म्हणाला, "शेठ, ताई बरोबर आसंल. पृथ्वीवर तरी मधलं गाव कुटं हाय?"

"पृथ्वीला मध्य असतो रोहिदास. पोटात."

"आसंल की. तिथं ऱ्हातंय कोन पन?"

आणि परत लेथकडे वळला, जसं काही बोललाच नाही.

त्या रात्रीच्या जेवणाबद्दल तुझ्या आईने मला पुन्हा छेडलं. मी तिला सांगितलं तेच तुला सांगतो. डिसेंबरात अजिंक्य आपल्याकडे जेवायला आला होता. शेडची जागा त्याच्या घरच्यांची आहे, वर्षातून एकदा बोलवावं लागतं. त्याने विचारलं, ताई काय शिकते? तू सांगितलंस, कोर्स जॉमेट्री. मी म्हणालो, म्हणजे ढोबळ भूमिती. इकडे ढोबळ माप घेणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गेटवरून परत पाठवतात, आमची पोरगी त्यातच पीएचडी करते. सगळे हसले. तू ताट घासून ठेवलंस आणि दोन दिवस अलीकडचं तिकीट काढून गेलीस.

मी हसवायला बोललो होतो. मला ती भूमिती खरोखरच ढोबळ वाटत होती, हेही तितकंच खरं. तुझ्या लेखात पहिल्याच पानावर आहे: ठरावीक अंतराच्या आतले फरक सोडून द्यायचे, लांबून पाहायचं, इतकं लांबून की ठिपक्यांची रांग रेघ वाटावी आणि कितीही मोठा पण संपणारा पसारा एक ठिपका वाटावा. ज्याने आयुष्यभर शतांश राखले त्याला हे वाचून काय वाटेल, ते तूच ठरव.

तरीही सगळ्या फांद्या सारख्या लांबीच्या करून पाहतो. झाडाला मध्य नसेल तर फांदी निम्मी होण्याचं कारणच उरत नाही, एवढं तुझं मान्य.

पप्पा

तळवडे, गुरुवार, ३१ जुलै २०२५

विजयश्री,

नाही झालं.

साठ मिलिमीटरच्या कांड्या कापल्या, सगळ्या सारख्या. सांधे चौदा मिलिमीटरचे, सगळे सारखे, कोणावर नंबर नाही. सपाट ठेवलं तर दुसऱ्याच फेरीला टोकावर टोक आलं. मग उभ्या-आडव्या सगळ्या दिशा वापरल्या, प्रत्येक सांध्याची चार भोकं सारख्या कोनांत पाडली. तिसऱ्या फेरीला टोकं एकमेकांना भिडली. सांधे थोडे फिरवून घेतले, तर चौथ्या फेरीला कांडीतून कांडी जायला लागली. रोहिदास म्हणाला, "शेठ, शेड लहान पडतंय." मी त्याला गप्प केलं आणि हिशेब मांडला.

फेरी वाढेल तसे सांधे तिपटीने वाढतात. विसाव्या फेरीला एकट्या त्या फेरीचे जवळजवळ चारशे पासष्ट कोटी होतात. आणि साठ-साठच्या वीस कांड्यांनी मधून जाऊन जाऊन किती लांब जाल? बाराशे मिलिमीटर. तेवढ्या गोळ्यात प्रत्येक सांध्याच्या वाट्याला दीड घन मिलिमीटर जागा येते. माझा सांधा चौदाचा आहे. दोष माझ्या हातांचा नाही, शेडचाही नाही. चाकणपासून तळेगावपर्यंत सगळी जमीन घेतली आणि वर आभाळ जोडलं तरी हे झाड मावणार नाही. जागा ज्या वेगाने वाढते त्याहून झाड जास्त वेगाने वाढतं.

हे आईकरवी कळवलं, तर या वेळी तुझ्या चार ओळी आल्या. "पप्पांना सांग, बरोबर. आपल्या जागेत ते मावत नाही, कितीही ढोबळपणा चालवून घेतला तरी. पण एक मोठी जागा आहे, तिथे प्रत्येक कांडीला तिची स्वतःची काटकोनातली दिशा देता येते. आधीच्या सगळ्या कांड्यांशी काटकोन. तिथे जवळचे सांधे जवळ राहतात आणि लांबचे लांब."

मी आपल्या मशिनपुढे जाऊन उभा राहिलो. त्याला तीन दिशा आहेत. चाकणला एका कंपनीत पाच अक्षांचं मशिन पाहिलं आहे, पण त्यातले दोन नुसते फिरतात. तुझ्याकडे जितक्या कांड्या तितक्या दिशा आहेत. ते मला डोळ्यांपुढे आणता येत नाही, हे लिहून देतो. हिशेब मात्र करता आला. काटकोनाच्या दोन बाजू आणि कर्ण, तोच नियम पुढे चालवायचा: शंभर कांड्यांच्या अंतरावरचे दोन सांधे तिथे दहा कांड्यांवर येतात. अंतर आखडतं, पण लांबचा जवळच्यासारखा वाटेल इतकं कधीच नाही. माझ्या पहिल्या झाडात नेमकं तेच होत होतं. बाहेरच्या फेरीला कितीतरी कांड्या लांब असलेले सांधे नखाएवढ्या अंतरावर बसले होते. मी त्यांची जागा दोन शतांशात राखली होती. चुकीची जागा.

पण माझी मूळ तक्रार तशीच आहे. प्रत्येक पायरीला थोडी ढिलाई चालते म्हणता, मग हजाराव्या पायरीला ती हजारपट होत नाही का? आणि एवढ्या ढिलाईतून नक्की असं काय हाती लागतं? तुझ्या प्रबंधाच्या नावात के-थिअरी आहे, ऑपरेटर आहेत. ते काही मोजतात, की नुसते लांबून पाहतात?

पप्पा

थेरगाव, गुरुवार, २१ ऑगस्ट २०२५

विजयश्री,

तू घातलेलं कोडं मिळालं. उत्तर देतो. आधी कोडं लिहून काढतो, मला बरोबर कळलं आहे ना ते तुला तपासता यावं म्हणून.

एक असेंब्ली लाइन आहे, दोन्ही बाजूंना न संपणारी. प्रत्येक जागेवर एक माणूस, प्रत्येकाच्या हातात एक नग. भोंगा वाजला की प्रत्येकाने आपला नग दुसऱ्या कोणाला तरी द्यायचा किंवा स्वतःकडे ठेवायचा. डावीकडे द्या, उजवीकडे द्या, मनाला येईल तसं, पण पाच जागांपलीकडे नाही. आणि शेवटी प्रत्येकाच्या हातात पुन्हा एकच नग हवा. आता लाइन एका जागी कापायची आणि त्या कापावरून उजवीकडे गेलेल्या नगांतून डावीकडे आलेले वजा करायचे. आकडा काय येतो?

घरीच जेवणाच्या टेबलावर नट मांडले, चाळीस. पहिल्या नटापासून मोजत गेलो, तर प्रत्येक कापाला वेगळा आकडा येत गेला: शून्य, एक, दोन, पुन्हा एक. मी म्हणालो, बघ, ढोबळच आहे. तुझी आई भाजी निवडत होती. तुला आठवणार नाही, तू बालवाडीत होतीस तेव्हा ती चाकणला वायरिंगच्या लाइनवर होती.

"काय करायलाव?" तिने विचारलं. मी सांगितलं.

"मग तिथूनच का मोजायलाव?"

"कुठून तरी सुरुवात करायला नको?"

"लाइनला टोक नाही म्हणली ना ती? तुम्ही टोकावर बसलाव. तिथं माल खाली पडतोय, आकडा बिघडंलच की. मधी बसा जरा."

मी मधे बसलो. टेबलाचं टोक हा माझा डेटम होता, आणि कोड्यात डेटमच नव्हता. मधे कुठेही कापलं की आकडा तोच येत होता. नटांची वाटणी बदलली, जितकी वाकडी करता येईल तितकी केली. त्या वाटणीचा आकडा वेगळा, पण पुन्हा सगळ्या कापांना एकच. मग कारणही दिसलं, आणि ते माझं मला दिसलं. दोन काप घे. दोघांच्या मधल्या माणसांकडे आधी जेवढे नग होते तेवढेच नंतर आहेत, माणशी एक. म्हणजे एका कापावरून जेवढे निव्वळ आत आले तेवढेच दुसऱ्यावरून बाहेर गेले पाहिजेत. झालं.

आता माझ्या तक्रारीचा निकाल. प्रत्येकाची ढिलाई त्याच्या स्वतःच्या जागेपासून मोजायची आहे. ती पहिल्यापासून धरायची नाही, मागच्याकडून पुढच्याकडे न्यायची नाही. म्हणून ती साठत नाही. मी तिला माझ्या धंद्यातली साखळी समजत होतो.

आणि जो आकडा आला त्याबद्दल लिहायचं तर जपून लिहावं लागेल. शेवटच्या वाटणीला तीन आला. तीन म्हणजे तीन. तीन अधिक-उणे काही नाही. मी चौतीस वर्षांत एकही माप असं दिलेलं नाही ज्याच्यापुढे अधिक-उणे लिहावं लागलं नाही. माझ्या दोन शतांशांचा मला अभिमान आहे, तो तसाच आहे. पण तेही अधिक-उणेच आहेत. इथे पाच-पाच जागांची ढिलाई उघडपणे दिली, आणि तिच्यातून निघालेला आकडा पूर्णांक. ढकलून, हलवून, थोडं इकडे-तिकडे करून तो बदलता येत नाही. बदलायचा तर सगळी लाइनच दुसऱ्या नियमाने चालवावी लागते.

तू लिहिलंस की के-थिअरीच्या घरातला हा सगळ्यात लहान सभासद. रेघेसाठी असे सगळे पूर्णांक मिळतात. ऑपरेटर म्हणजे असाच माल हलवणारा नियम, ठरावीक अंतरापलीकडे न पाठवणारा, फक्त नग अर्धे-पाव करायचीही मुभा असलेला. आणि तुझ्या प्रबंधात रेघेच्या जागी गट आहे, आणि नियम प्रत्येक जागेवरून हुबेहूब तोच दिसला पाहिजे. गटाने तुम्हाला उचलून दुसऱ्या सांध्यावर ठेवलं तरी फरक पडू नये. त्यालाच तुम्ही इक्विव्हेरियंट म्हणता. हा शब्द मी वहीत बारा वेळा लिहिला तेव्हा जिभेवर बसला.

तिथे आकड्यांच्या जागी काय मिळतं ते मला अजून कळलेलं नाही. विचारणार आहे. पण तुझी आई म्हणते, आता निरोप पोचवून तिचा फोन गरम व्हायला लागला, तुमचं तुम्ही बघा.

पप्पा

तळवडे, गुरुवार, २५ सप्टेंबर २०२५

विजयश्री,

माझ्या फोनवर तुझा मेसेज सोमवारी दुपारी आला. नाव दिसलं तेव्हा मशिन चालू होतं. कट पूर्ण केला, मशिन बंद केलं, हात पुसले, मग उघडला. "पप्पा, पासपोर्ट आहे का? पहिल्या पानाचा फोटो पाठवा."

पासपोर्ट आहे. दोन हजार एकोणीसमध्ये काढला होता, तू तिकडे गेलीस त्या वर्षी. मुदत दोन हजार एकोणतीसपर्यंत. आत एकही शिक्का नाही. जन्मगाव औसा लिहिलं आहे, स्पेलिंग तपासलं, बरोबर आहे. फोटो पाठवला आहे; आडवा आला असेल तर पुन्हा काढतो. तू कशासाठी मागितलास ते लिहिलेलं नाहीस आणि मी विचारलेलं नाही. तुझ्या आईने मात्र त्याच संध्याकाळी डांगे चौकात जाऊन माझ्यासाठी गरम बनियन घेतलं. मी तिला म्हणालो, अजून कशाचा पत्ता नाही. ती म्हणाली, "तुम्ही गप बसा, माप बघून आणलंय."

अजिंक्य काल आला होता ते सांगायचं आहे. तुला ते दुसरीकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

दसऱ्याला त्यांच्या नव्या इमारतीचं बुकिंग उघडतं आहे. शेडमध्ये आला तो थेट पहिल्या झाडापुढे जाऊन उभा राहिला. तेच, पितळेचं, एकशे एकसष्ट सांध्यांचं. मी त्याच्या मधल्या सांध्यावर लाल रंगाचा पट्टा मारून ते कोपऱ्यात, नापास मालाच्या जागी ठेवलं आहे.

"काका, येवढ्या झकास कामाला लाल का फासलाय?"

"रिजेक्ट आहे."

"काय सांगता! आमच्या डोळ्याला तर काय बी खोट दिसत न्हाई."

"त्याला मध्य आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग रोहिदासकडे पाहिलं. "मंग? मध्य न्हाई असं झाड असतंय व्हय?"

"असतं. फांद्या सगळ्या सारख्या, सांधे सगळे सारखे. कुठेही बसलास तरी तू मधे नाहीस आणि टोकालाही नाहीस. हे तसं नाही, म्हणून हे चुकीचं आहे."

"आसू द्या की चुकीचं! लॉबीत टांगायचंय, परीक्षेला बसवायचं न्हाई." तो हसला. "आमी मधोमध आज्याचं नाव टाकनार हाय, सोपानरावांचं. वरून फोकस. आन् खाली पाटी: रचना, डॉक्टर विजयश्री. ताईचं बी नाव व्हईल. त्या ढोबळ गणिताला कुनी तरी विचारलं पायजे का न्हाई?"

डिसेंबरात यावर सगळे हसले होते. रोहिदासने लेथ बंद केला. मी म्हणालो, "अजिंक्य, त्या गणितातून आकडा निघतो त्याला अधिक-उणे लागत नाही. तुझ्या इमारतीतल्या एका तरी खोलीबद्दल तू असं लिहून देशील का?"

"आरं बाबा," तो म्हणाला, "काका, तुमी बी तिकडचेच झाले राव." राग नव्हता त्यात. त्याने खिशातून चेकबुक काढलं, बेंचवरचे नट बाजूला सारले आणि आकडा लिहिला. म्हणाला, लाल रंग आमचा पेंटर काढंल, तुमी फकस्त व्हय म्हना.

मी त्याला समजावलं की जी वस्तू चुकीची आहे हे मला ठाऊक आहे ती या गेटबाहेर जात नाही. मग ती कंपनीची असो, त्याच्या आज्याची असो. आणि जिच्यावर तुझं नाव लागणार ती तर नाहीच. चेक त्याच्या हातात परत दिला. जाताना म्हणाला, इचार करा, दसऱ्यापर्यंत थांबतो. मी म्हणालो, विचार झाला आहे, थांबू नकोस.

तुझ्या आईला अजून रक्कम सांगितलेली नाही. तुला सांगतो. तीन लाख ऐंशी हजार.

पप्पा